झेंड्यापुढचा सडा

मोरिवली, २७ जानेवारी १९८८

आये, पाया पडतो. सरू वाचून दाखवील, तिला मधलं काही गाळू देऊ नको.

मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो.

काल कंपनीत झेंडावंदन झालं. पाहुण्यांच्या बुटांना धूळ लागू नये म्हणून साहेबांनी मला पाईप देऊन सडा मारायला लावला. पाणी आपल्या बारवी धरणाचं. त्याच धरणात आपलं शेत गेलं, आणि तू अजून हंडा घेऊन झऱ्यावर जातेस. गुडघा कसा आहे?

पाहुणे म्हणाले, स्वातंत्र्य घरोघर पोचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं. हातात पाईप होता, म्हणून टाळ्यांतून सुटलो.

नंतर ओंजळभर पाणी प्यायलो, तर साहेब खेकसले, "जपून रे! पाणी लांबून येतं."

मी पण तिथूनच आलोय, आये.

तुझा देऊ