करुणाच्या फोटोवरचा पडदा

मी, मालनबाई पुंजाजी पाईकराव, वय ७१, पूर्वीची अंगणवाडी सेविका, राहणार वसमत, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. लिव्हरचं दुखणं वाढलं असलं तरी डोकं शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही, घाई मात्र फार आहे.

१. राहतं घर मुलगा प्रज्ञेश यास देते, एका अटीवर. माझी मुलगी करुणा हिचा फोटो समोरच्या खोलीतून काढून आतल्या खोलीत, खिडकीचा उजेड पोचत नाही त्या भिंतीवर लावावा आणि त्यावर जाड सुती पडदा ठेवावा. करुणा नर्सिंग शिकत असताना तापाने गेली. तिचा हा एकच फोटो उरला आहे. बाकीचे घरात पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेत सडले आणि फोटो काढणारा स्टुडिओही बंद पडला.

२. हा फोटो दारासमोर कोणी टांगला तेही लिहिते. माझे दीर हरिचंद यांनी. गेलेलं माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. रोज पश्चिमेचं ऊन थेट तिच्या तोंडावर येतं. वर त्यांनी चौकटीभोवती लाइटची माळ सोडली. दर वर्षी ती गेली त्या दिवशी, पुण्यानुमोदनाला, तर फोटो दिवसभर अंगणात, खुर्चीवर, हार घालून. आधी ओठांचा रंग गेला, मग जांभळी ओढणी निळी झाली. आता नाकडोळेही पांढरे पडत चाललेत. माझा जीव तुटतो. मी पडदा शिवून लावला, तर भाऊजी भरल्या घरात म्हणाले, "फोटोवर पडदा काहून? लेकरानं तोंड लपवायसारखं काय केलं व्हतं का?" तो पडदा प्रज्ञेशनेच काढला. हे मी विसरलेले नाही.

३. बँकेतल्या ठेवीतून आधी नांदेडहून ऊन अडवणारी काच आणून बसवावी. फ्रेमवाला म्हणाला, तिने रंग उडणं मंदावेल, गेलेला परत येणार नाही. प्रज्ञेशने मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय म्हणून सगळे निवांत आहेत. पण मोबाइलमध्ये उरलेलाच चेहरा आला ना. बाकीची ठेव नात सृष्टीला. शिलाई मशीन सून ऐश्वर्याला. पडदा विरला की तिने नवा शिवावा. हरिचंद भाऊजींना काही नाही. त्यांनी लाइटची माळ तेवढी परत न्यावी.

४. करुणाच्या जागी, त्या उन्हात, माझा फोटो लावावा. भिंत मोकळी दिसली तर भाऊजी तिला पुन्हा तिथं आणून टांगतील. माझा उडाला तरी चालेल.

५. सृष्टीने आत्याला पाहिलेलं नाही, म्हणून हेही तिच्या वाट्याला लिहिते: करुणाच्या डाव्या भुवईखाली तीळ होता. एवढं लिहिलं आणि साक्षीला आलेला धम्मानंद, करुणाच्या वर्गातला, हळूच म्हणाला, "मावशी, उजव्या व्हता ना?" आम्ही फोटो खाली उतरवून पाहिला. दोन्ही भुवयांखाली कोरं आहे. मी तिला जन्म दिला, आणि मला शपथेवर सांगता येईना. तरी डाव्या असंच राहू द्यावं. माझ्यामागे हे कोणाला विचारणार?

स्थळ: वसमत
दि. ३ मार्च २०२५
सही: मालनबाई पुंजाजी पाईकराव

साक्षीदार:
भावसिंग राठोड, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
धम्मानंद खिल्लारे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. तीळ डाव्या भुवईखालीच होता.