करंगळीचा आकडा

प्रिय ठमाबाईस,

फोनवर तू हो आई, बरं आई करून माझी बोळवण करतेस, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून आलेय, हाताला सवय इस्त्रीची आहे, पेनाची नाही.

रविवारी तुमच्या चौकडीचं वाजवणं ऐकलं. तो चेलोवाला जाड्या आता बरा वाजवतो, पण घामाने नुसता निथळतो, त्याला एक रुमाल दे. तू व्हायोलिन घेऊन पुढे, तोंड पांढरंफटक. संथ भाग आला तसे माझ्या शेजारचे गृहस्थ मान डोलवत म्हणाले, काय अलगद घसरतात हो सूर! मनात म्हटलं, कपाळ तुमचं. पोरगी करंगळी चुकवतेय. सगळं तिसऱ्या बोटावर ओढत होतीस आणि करंगळी मुडपून आत घेतलेली, भाजल्यासारखी.

मला सूर वाचता येत नाहीत, आकडे येतात. तुझ्या पहिल्या बाईंच्या शिकवणीत सहा वर्षं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, ती काय झोपा काढायला? बाई वहीत लिहिलेल्या सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीने बोटांचे आकडे घालायच्या. चार म्हणजे करंगळी. घरी मी वहीवर बोट ठेवून ओरडायची, चार! चार म्हटलं ना, तीन काय लावतेस? तू रडत वाजवायचीस, मी बटाटे सोलत ऐकायची. तेव्हाही कामावरून दमून आलेली असायची. दमले की मला कुणाचंही दुखणं नखराच वाटायचं.

कार्यक्रमानंतर तू लोकांच्या गराड्यात होतीस, तेवढ्यात मी आतल्या खोलीत तुझी पिशवी उघडली. हो, उघडली. पंधरा दिवसांनी तुला एकटीने वाजवायचंय, ती वही पान न पान बघितली. सगळे चार खोडलेले, वर तीन. मागे अख्खा वाद्यवृंद बसणार आणि तू तीन बोटांवर निभावणार? ते बोट कायमचं गेलं तर काय करशील, माझ्या शेजारी इस्त्रीला उभी राहशील?

जिन्यात विचारलं तर म्हणालीस, वर्षभरच दुखतंय, गुरुवारी डॉक्टरला दाखवतेय. लहानपणी सुजलं होतं ते सांग म्हटलं, तर फणकारलीस, ते त्या बाईने केलं, जुनं झालं, कशाला उकरायचं. मुलाखतीतही तू हेच बोललीस, पहिल्या शिक्षिकेने हात बिघडवला म्हणून. कामावरच्या पोरींनी कौतुकाने वाचून दाखवलं. मी चादरीची घडी घालत राहिले.

आता ऐक. अकराव्या वर्षी तुझं बोट कच्चं होतं, म्हणून स्पर्धेच्या तुकड्यात बाईंनी स्वतःच चारचे तीन केले आणि महिनाभर परगावी गेल्या. मला वाटलं, कामचुकारपणा करून तूच खोडलंस. तू शाळेत असताना मी खोडरबर घेतलं आणि चार परत घातले, अगदी बाईंच्या वळणाचे. तुला वाटलं, जाण्याआधी बाईंनीच घातले. तू पहिली आलीस. करंगळी कांद्याएवढी सुजली. बाई आल्या, वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी पायातल्या चपला बघत बसले. तू बाईंना तोंडावर नाही नाही ते बोललीस, शिकवणी सोडलीस, आणि मी सोडू दिली. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेरा वर्षं मीही नाही. काल त्यांच्याकडे जाऊन आले. मुलाखत त्यांनी वाचली होती. चहा दिला. निघताना एवढंच विचारलं, तिला सांगितलंत का?

म्हणून हे पत्र. गुरुवारी डॉक्टरला अकराव्या वर्षापासून सगळं सांग. कुणी केलं विचारलं तर आईने, असं सांग. आणि तो एकटीचा कार्यक्रम होणार नाही म्हणून आजच कळव. माझ्यावर चिडायला पुढे भरपूर वेळ आहे.

तुझीच, त्याला इलाज नाही,
आई