चार मिनिटांत सगळे संदेश

मंगळवार, ३ मार्च

चार मिनिटं! आधी नऊ तास लागायचे! तीनदा चालवून पाहिलं, तरी विश्वास बसेना.

ऑपरेशन होऊन घरी गेलेले पेशंट हॉस्पिटलला मोबाइलवरून संदेश पाठवतात. त्यात धोक्याचं काही असेल तर तो संदेश सिस्टरपुढे सगळ्यात वर आणायचा, हे प्रोग्रॅमचं काम. धोक्याचे शब्द सुटे नसतात, तीन-चार शब्दांचे तुकडे असतात. असे बावीस हजार! जुना प्रोग्रॅम एकेका तुकड्यासाठी सगळे संदेश पालथे घालायचा. मी तुकड्यांचं झाड केलं. संदेश एकदाच वाचायचा, शब्दागणिक फांदी धरून पुढे जायचं. मागे वळायचं नाही.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पोरी, जिंकलंस!"

बुधवार, ४ मार्च

बाबांना घरी आणलं. त्यांचं ऑपरेशनही आमच्याच हॉस्पिटलात झालं. चार मिनिटांचं सांगितलं, तर शेजारच्या काकूंना बोलावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं! लाजून मेले.

शनिवार, १४ मार्च

"कसं वाटतंय, बाबा?" — "ठणठणीत!" खुर्चीतून मात्र हलत नाहीत. आळस, दुसरं काय.

सोमवार, १६ मार्च



सकाळी मोठ्या सिस्टरनी टेबलावर कागद आपटला. "हा शिंपी नावाचा पेशंट चार दिवस तेच लिहितोय. तुझ्या यादीत एकदाही आला नाही. आज आयसीयूत आहे!"

कागदावर एवढंच — चालताना खूप धाप लागते.

'खूप धाप लागते' हा तुकडा झाडात आहे. मग? दुपारपर्यंत डोकं धरून बसले. 'चालताना खूप चक्कर येते' हाही आहे. प्रोग्रॅम 'चालताना खूप'पर्यंत ती फांदी धरून गेला. पुढे 'चक्कर' मिळाली नाही, फांदी सोडली आणि थेट 'धाप'पासून नव्याने सुरू! मधला 'खूप' खाऊन टाकला. फांदी तुटली तर हातातल्याच शब्दांवरून दुसरी धरता येते का, हे बघायला नको? मागे वळायचं नाही म्हणे. शहाणी!

दुरुस्ती अकरा ओळींची. वेळ तेवढाच, चार मिनिटं. म्हणजे वेगासाठीसुद्धा ही चूक करायची गरज नव्हती!

जुन्या संदेशांवर चालवलं. एकसष्ट माणसं सुटलेली. एकसष्ट! यादी सिस्टरनी आणि मी निम्मी निम्मी वाटून घेतली. प्रत्येकाला फोन करायचा. माझ्या वाट्याच्या एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, मला वाटलं तुम्ही वाचतच नाही."

मंगळवार, १७ मार्च

शिंपी वाचणार, असं डॉक्टर म्हणाले. रडले.

मंगळवार, दुपार

सिस्टरच्या निम्म्या यादीत शेवटचं नाव बाबांचं. सहा दिवस, रोज एक संदेश. अँब्युलन्समध्ये त्यांच्यावर ओरडलेच, "मला का नाही सांगितलंत?" तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "तुझ्या प्रोग्रॅमला रोज सांगत होतो की!"