नीलम्माचा शेवटचा मेसेज

४ जून २०२५, लातूर
नीलम्मा देगलूरला माहेरी जाऊन महिना झाला. भांडण झालेलं नाही. निदान मला तरी आठवत नाही. संकल्प: फोन करून विनवण्या करायच्या नाहीत. आठ महिने डेटा ॲनालिसिसचा क्लास केलाय तो कशासाठी? दीड वर्षाचं आमचं चॅट पँडास या क्लासमध्ये शिकवलेल्या प्रोग्रॅममध्ये घालून कुठं बिनसलं ते शोधणार.

५ जून
जुन्या आणि नव्या फोनमधलं चॅट जोडल्यानं ओळी मागंपुढं झालेल्या. चिंता नाही. तारीख इंडेक्स केली, सॉर्ट इंडेक्स चालवलं, म्हणजे ओळी तारखेच्या क्रमानं लागल्या. ताजा मेसेज आपोआप तळाशी. तळाशी काय? ‘माहूरला जाऊ या ना. दोघंच.’ क्लासच्या गडबडीत माझ्या नजरेतून सुटला असणार. म्हणजे राग नाहीच! तारीख पाहिली नाही. मग सॉर्ट कशाला केलंय?

७ जून
माहूरसाठी गाडी ठरवली. तिला कळवलं नाही. सरप्राइज.

९ जून
क्लासच्या विशाखा मॅडमना कोड दाखवला, मेसेज झाकून. शाबासकीची अपेक्षा होती. म्हणाल्या, अहो संगमेश, तारखा तुम्ही नुसता मजकूर म्हणून ठेवल्यात की. कॉम्प्युटर नुसते पहिले आकडे बघून ओळी लावून राहिलाय, म्हणून एकतीस तारखेचे सगळे मेसेज तळाशी गेलेत. माहूरचा मेसेज ३१ डिसेंबरचा निघाला. मॅडमना उगाच बारकावे लागतात.

१० जून, सकाळी ९
मजकुराच्या खऱ्या तारखा केल्या. परत सॉर्ट. तळाशी ३ मे: ‘ताप उतरेना. आज तरी लवकर या.’ त्याच्या वर सव्वीस ओळी, सगळ्या तिच्याच. जेवायला येताय का. लाइट गेली. झोपलात का. माझी शेवटची ओळ १९ एप्रिलची: ‘हं.’
मधले माझे मेसेज गळाले असावेत. कोड तीनदा तपासला. काही गळालेलं नाही. ३ मेला क्लास होता, जादा बॅच. घरी येऊन जेवलो आणि झोपलो. ताप असताना स्वयंपाक तिनंच केला असणार.

११ जून, देगलूर
माफीचे पाच मुद्दे पाठ करून गेलो. एकही बोलता आला नाही, रडूच आलं. नीलम्मा म्हणाली, रागावले न्हाई हो मी. वाट बघायची सवय होती, ती मोडली. सासूबाई शिवम्मांनी पाहुण्यांच्या कपात चहा दिला. निघताना नीलम्माला विचारलं, घरी कधी येतेस? म्हणाली, घरीच हाय की मी.
साडेचारच्या एसटीनं एकटाच परत निघालो.