ह्यांनी न घेतलेला चहा

सोम. ३ नोव्हें.
सोमवार, म्हणजे ह्यांची ‘घरची संध्याकाळ’. टीव्ही बंद, मोबाइल टोपलीत, एक प्रार्थना, एक गाणं, मग शेंगदाण्याचे लाडू. बंगळूरच्या कंपनीत दोन वर्षं होते तेव्हा सायकलवरून फिरणारी पांढऱ्या शर्टातली दोन पोरं भेटली आणि हे मॉर्मन होऊन घरी आले. ख्रिस्ती पंथ, चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य. तेव्हापासून एकतीस वर्षं सोमवार चुकवला नाही. हे गेल्यानंतरचा हा चौथा. लेकाने, सुहासने, आज पहिल्यांदाच चटई टाकली. तो, सून वैशाली, मी. गाणं कुणी धरायचं तेच कळेना. मी आपली नेहमीसारखी मेथी निवडत बसले. मी त्यांच्यात कधी गेले नाही, अंबाबाई सोडली नाही. ह्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. दर सोमवारी विचारायचे मात्र, “तू म्हणतीस काय एक गाणं?”
दमले. पाठ धरलीय.

बुध. ५
ब्रदर कल्लाप्पांचा बेळगावहून फोन. ह्यांच्या दहा-बारा जणांच्या मंडळाचे तेच प्रमुख. १६ तारखेला, रविवारी, आमच्याच हॉलमध्ये स्मरणसभा करायची म्हणतात. “अक्का, त्यांचं जीवन तुम्हीच लिहून द्या. घरचं माणूस लिवलं की खरं असतंय.” मी म्हटलं, सुहास लिहील. मग वरणाला फोडणी दिली ती करपलीच.

गुरु. ६
वैशालीला बघायला इचलकरंजीला गेलो होतो तो दिवस आठवला. कांदेपोहे झाले, चहा आला. ह्यांनी हात जोडले, “आम्ही चहा घेत नाही.” मी आणि सुहासनेही कप खालीच ठेवले, मी आपली ह्यांच्यासाठी. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला, आत कुणीतरी मुसमुसायला लागलं. आम्हाला वाटलं, पोरगी लाजली. एसटी स्टँडवर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अहो, चहाला नाही म्हणजे मुलीला नाही! हे भर उन्हात उलटे पळत गेले. दारातूनच ओरडले, “पोरगी पसंत हाय हो पावणं, च्याच तेवढा नको!”
आज वैशालीला सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. महिन्याभरानं.
माझा सकाळचा चहा मात्र हेच करायचे. चव न घेता. नुसत्या वासावर कळायचं, आलं किती उतरलंय ते. देवाधर्मावरून भांडण झालं त्या दिवशीसुद्धा कप उशाशी असायचा. असा नवरा गल्लीत कुणाला नव्हता, हे तोंडावर कधी म्हटलं नाही मी.

रवि. ९
नेसरीहून थोरले दीर आले. “धर्म बुडवलास” म्हणून तीस वर्षं ह्यांच्याशी धड बोलले नव्हते. आज फोटोपुढं बसले आणि ढसाढसा रडले. मग नाक पुसत म्हणाले, “शेवटाला काय बोलला काय गं सुमन, माझा आनंदा?”
काय झालं मला कोण जाणे. थकले होते, त्यात म्हातारा रडत होता. बोलून गेले. म्हटलं, चहा मागितला. “आयं, च्या दे की,” म्हणाले. मी दिला.
दीर ताठ झाले. “प्याला?”
“प्याले.”
“म्हंजे शेवटाला आपल्यात आलाच की! रगात कुठं जातंय व्हय!”
तसं नाही भाऊजी, म्हणत मी दारापर्यंत गेले. ऐकतोय कोण. चप्पल घालतानासुद्धा हसत होते. तोंड आवरलं नाही मला. एवढी वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलं आणि स्वतःला...

मंगळ. ११
नेसरीहून जावेचा फोन. दीर पारावर सगळ्यांना सांगत सुटलेत. आणि रविवारी सभेला यायचंय त्यांना. “चारचौघांत सांगतो म्हणत्यात, माझा भाऊ शेवटाला आमचा झाला म्हणून.”
सुहासच्या कानावर अजून काही नाही. तो ह्यांच्यापेक्षा कडक. नऊ वर्षांचा असताना बापाबरोबर चहा सोडला तो आजतागायत. गल्लीतले लोक हसतात तरी सोडत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर...
बी.पी.ची गोळी विसरले. संध्याकाळी घेतली.

गुरु. १३
सुहासने कागद दाखवला. चांगला लिहिलाय. घराखालच्या शॉपमध्ये फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे ते, सूतभर चुकला तर फुकट दुसरा करून द्यायचे ते, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून त्या जेवणाचं धान्य विधवा मावशीला पोचवायचे ते, सगळं आलंय. मग ही ओळ: ‘शेवटच्या श्वासापर्यंत त्यांनी चहाला स्पर्श केला नाही.’ आणि तिच्या खाली, ‘शेवटचे आठ दिवस त्यांनी आम्हांपैकी कुणालाही ओळखले नाही, पण श्रद्धा ढळली नाही.’
म्हटलं, चहाची ओळ काढ.
“का?”
“उगंच. चहाचं काय सांगायचं लोकांना.”
“आई, लोकांनी बाबांना सगळ्यात जास्त चिडवलं ते त्याच्यावरनं. तीच काढू?” मग कागद घडी घालत म्हणाला, “तुला त्यांचं कधी पटलंच न्हाई म्हणा.”
लागलं. ह्यांनी एवढ्या वर्षांत असं बोलून दाखवलं नव्हतं.

शुक्र. १४
लिहून टाकते, म्हणजे उद्या सुहासशी बोलताना जीभ अडखळणार नाही.
डॉक्टरांनी सांगितलंच होतं, मेंदूतली गाठ वाढतेय, आता माणसं ओळखणार नाहीत. शेवटच्या शनिवारी दुपारी मला आई समजून चहा मागितला. लहान पोरासारखा चेहरा. मला नाही म्हणवलं नाही. आल्याचा केला, बशीत ओतून फुंकून पाजला. अर्धा झाल्यावर माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, “सुमे, झ्याक झालाय.”
माझं नाव. आईचं नाही.
नंतर पाऊण तास शुद्धीवर होते. गाठ ऑपरेशनची नाही हे माहीत आहे म्हणाले. सुहासच्या लेकीची फी भरली का विचारलं. चहाबद्दल एक अक्षर नाही. रविवारी परत मागितला, परत दिला. सोमवारी, मंगळवारी. दर वेळी तेवढ्यापुरते शुद्धीवर यायचे. बुधवारी गेले.
नेम नक्की कुणी मोडला? त्यांनी की मी? त्यांनी समजून प्यायला असेल तर त्यांचं ते बघतील. पण उकळी आणणारी मी होते. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. एकतीस वर्षांत एकदा माझ्या हातचा...
पुरे.

शनि. १५
दुपारी वैशाली बाजारात गेलेली बघून सुहासला वर बोलावलं. सगळं सांगितलं. दीर उद्या काय बोलणार तेही.
मग म्हणाला, “शुद्धीत नव्हते, आई. ते धरत न्हाईत.” आवाज मऊ. मला सोडवतच होता तो. मान हलवली असती तर मिटलं होतं.
पण म्हटलं, “शुद्धीत होते. नाव घेतलं माझं. पाऊण तास बोलत होते. छकुलीच्या फीचं विचारलं.”
मला वाटलं, आता चहावरून भडकेल. चहाचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.
“बोलत होते?”
“व्हय.”
“मी खालीच होतो, आई. एका हाकेवर. आठ दिवस मी त्यांच्यापुढं जाऊन, बाबा मी सुहास, बाबा मी सुहास, करत होतो. आणि तू मला हाक मारली न्हाईस?”
मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “तुला कप दिसला असता.”
“चारी दिवस?”
“चारी दिवस. दार लावून घेत होते.”
तो उठला. ओरडला असता तर बरं झालं असतं. जिना उतरला, खाली रंधा मशीन सुरू झालं. शनिवारी दुपारी शॉप बंद असतं. काम काही नाही, मशीन नुसतंच चालतंय, लाकूड लागल्याचा आवाज येत नाही.
उद्या दहाला सभा. खुर्च्या आल्या. कागद टेबलावरच आहे, त्यातल्या दोन्ही ओळी खोट्या. त्याने नेला नाही, मीही हात लावला नाही.