सरांच्या ओठांतली नळी

साल्तो, ९ मे १९९४

चि. सुल्मास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आईचं पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. इतिहासात तू नापास, आणि जुलैच्या परीक्षेतही तेच झालं तर तुला मोन्तेविदेओला मावशीकडे धाडणार, कर्णबधिरांच्या शाळेत! अगं, चौकाच्या पलीकडे बायका कुणाची निंदा करताहेत ते तू ओठांवरून वाचून मला सांगायचीस. तुला इतिहास कळत नाही? दोष तुझ्या कानांचा नाही, एचेवेरी सरांच्या तुंब्याचा आहे. मीही त्यांच्या वर्गात बसलोय. काखेत थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा तुंबा, ओठांत तो ओढायची नळी, आणि घोट घेत घेत शिकवणं! नळी धरलेले ओठ कोण वाचणार? शुक्रवारच्या बसने येतो आणि तो थर्मास खिडकीबाहेर भिरकावतो. तोवर सरांना ऐकवायला सोबतचं भाषण पाठ कर.

माझं म्हणशील तर रोसिना समोरच्या टेबलावर संत्री निवडते आणि मी इकडे पेट्या ठोकतो. जिच्यासाठी कॉलेज अर्धवट टाकून इथवर आलो, तिला त्याचा अजून पत्ताच नाही.

कळावे. लोभ तुझा असू दे, संताप माझ्याकडे भरपूर आहे.
तुझा दादा,
दार्दो

ताकुआरेम्बो, १८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी आला नाहीस, बरं केलंस. तू आलास की सगळे तुझ्याशीच बोलतात, आणि मी आपली मधे ठेवलेल्या खुर्चीसारखी. तुझं भाषण वाचून हसू आवरेना. ‘हे जुलमी पुरुषा’ असं म्हणत कुणी इतिहासात पास झालंय का?

पण उभी राहिले मी. भर वर्गात. सर, मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही, असं सांगितलं. सर बिचारे इतके वरमले की तेव्हापासून ओरडून शिकवतात. नळी ओठांतच! शिपाईमामा म्हणाले, आता सेनापती आर्तिगासच्या लढाया त्यांनाही पाठ झाल्या. अख्ख्या शाळेला ऐकू जातं, मी सोडून. आई म्हणते, पाहिलंस ना, मावशीकडची शाळा वाईट नाही. नसेलच. पण मला माझी शाळा हवी आहे, दादा.

रागावर फुंकर घालावी आणि लोभ धरावा.
तुझी सुल्मा

साल्तो, २७ मे

चि. सुल्मास, आशीर्वाद.

हसलो, मग चिडलो, मग तुझ्या भर वर्गात उभं राहण्याचा फार अभिमान वाटला. मी तर एवढा तोंडाळ, पण सरांसमोर कधी शब्द फुटला नाही. मुख्याध्यापकांना खरमरीत पत्र लिहून ठेवलंय. तू हो म्हण, लगेच टाकतो. रोसिना काल माझ्याकडे बघून हसली. निदान माझ्या दिशेने तरी हसली.

लोभ वाढवावा, उत्तर लवकर पाठवावं.
दादा

ताकुआरेम्बो, २२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ते पत्र चुलीत घाल. आधी बातमी: मी पास! मोन्तेविदेओ रद्द.

झालं असं, की जूनमधल्या एका रविवारी घरात सगळे गोल बसले होते आणि एकच तुंबा पुन्हा पुन्हा भरून एकेकाला मी देत होते. काका दोनदा खाकरले, पण मी तुंबा पुढे करीपर्यंत वाट पाहत बसले. आपल्याकडे भरणाऱ्याच्या हातून कुणी तुंबा ओढून घेत नाही, न्यायाधीश असला तरी. तेव्हा लक्षात आलं, तुंबा माझ्या हाती असला तर सरही थांबतील. आणि हेही, की मी सरांना माझं काय अडतं ते सांगितलं होतं, त्यांनी काय करायचं ते सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तास सुरू व्हायच्या आत गेले. म्हटलं, सर, मी तुमचे ओठ वाचते, म्हणून बोलताना माझ्याकडे तोंड हवं आणि तोंडात काही नको. आणि आजपासून येर्बा मी भरून देईन. सरांनी नळीकडे असं पाहिलं, जणू ती आजच उगवली. मग आधी उलटतपासणी, की पाणी उकळू देणार नाहीस ना, येर्बा भिजवून लगदा करणार नाहीस ना. आणि थर्मास माझ्या बाकावर ठेवला.

आता सर बोलतात तोवर तुंबा माझ्याकडे. फळ्यावर लिहायला वळले, की भरून तयार. मधेच हात पुढे आला की मी मान हलवते, आधी वाक्य पूर्ण करा. वर्ग फिदीफिदी हसतो, सरही हसतात. परवा आईला म्हणाले, पोरगी येर्बा झकास भरते, पण फार कडक आहे.

आता तुझं. पेट्यांमागे उसासे टाकतोस, ते माझ्या कानांनाच काय, रोसिनाच्याही कानांना ऐकू जायचे नाहीत. छातीतल्या आगीचं वर्णन नको. तिने काय करायचं, तेवढंच विचार.

मोठेपणा बाजूला ठेवून लोभ असावा.
सुल्मा

साल्तो, ३ ऑगस्ट

ती. सुल्मास (हो, आजपासून तू ‘ती.’),
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. जेवणाच्या सुट्टीत सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि रविवारी नदीवर येतेस का म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, आधी तोंडातली नळी काढ, मग बोल.

काढली. पुन्हा बोललो.

रविवारी जातोय. थर्मास तिच्याकडे असणार आहे.

आशीर्वाद असू द्यावा.
आपला आज्ञाधारक,
दार्दो