खोटा डाग

३ फेब्रुवारी, सोमवार

"ज्यांचं बोलणं या संशोधनात वापरलं आहे, त्यांना हे संशोधन त्यांच्याबद्दल काय म्हणतं ते माहीत आहे का?" होय किंवा नाही.

मला उत्तर देता आलं नाही. बाकीचा अर्ज भरून झाला — शीर्षक, सारांश, मार्गदर्शकांचं नाव. हा एकच चौकोन रिकामा.

विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात प्रबंध चढवल्याशिवाय पदवी मिळत नाही. मार्चच्या पदवीदानात नाव हवं असेल तर याच महिन्यात चढवायला हवा. "कोण वाचू शकेल" या रकान्यात मी जराही न थांबता "सर्वांसाठी खुला" निवडलं. एम.ए.ला असताना एका लेखासाठी परदेशी वेबसाइटनं डॉलर मागितले होते. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लिहिण्याला कुलूप नसेल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणी कुणी दारं उघडली म्हणून इथवर आले. आता मीच दार लावून घ्यायचं?

हे सगळं मनीषा मॅडमना ऐकवलं. ग्रंथालयात संग्रहाचं काम त्याच बघतात. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाषण छान आहे. चौकोन भर."

५ फेब्रुवारी, बुधवार

बाळाचार्य सरांनी शेवटची प्रत परत दिली. तोंडी परीक्षेनंतरच्या बारीकसारीक दुरुस्त्या. फक्त चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या भागावर पेन्सिलची उभी रेघ. "हा भाग मुद्दा पातळ करतो. अपवाद कुठं नसतात? काढून टाक."

प्रबंध कन्नड मुलखातल्या आमच्या गल्लीतल्या मराठी कापडदुकानदारांच्या आतल्या बोलीवर आहे. गिऱ्हाइकासमोर मालक एक शब्द टाकतो, नोकर समजतो, गिऱ्हाइकाला पत्ता नसतो. "पाखरू" म्हणजे नुसतं बघून उडून जाणारं गिऱ्हाईक. "गूळ" म्हणजे घासाघीस न करता चिकटणारं. माझा मुद्दा असा की ही बोली गिऱ्हाइकाला अंधारात ठेवण्यासाठीच जन्मली. फसवणुकीची बोली.

रेघ मारलेल्या भागात उलटी उदाहरणं होती. ■■■■ हा शब्द मालकानं उच्चारला की नोकर चांगल्या कापडावर नसलेला डाग दाखवतो आणि डागाचा माल म्हणून भाव उतरवतो. समोरच्याकडे पैसे पुरत नसतात, आणि त्याला तसं बोलून दाखवावं लागू नये म्हणून.

काढला तो भाग. शब्द मागच्या परिशिष्टातल्या यादीत राहिला. ■■■■ — मालात खोटा दोष सांगणे. एवढंच. चूक काही नाही त्यात.

आता प्रकरण एका रेषेत चालतं. खूश होऊन कॅन्टीनमध्ये मिरची-भजी खाल्ली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मनीषा मॅडम म्हणतात, ज्या दुकानात मुद्रणं केली त्याच्या मालकांचं सही केलेलं संमतीपत्र लागेल. मालक म्हणजे माझेच अप्पा!

८ फेब्रुवारी, शनिवार

सही मिळाली. आनंद झाला नाही.

लग्नसराई. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा नोकर हणमंत थान उलगडता उलगडता म्हणाला, "येन अक्का, डॉक्टरीणबाई झालात, आता सुई टोचणार काय आम्हाला?" मी हसले आणि कागद अप्पांच्या समोर सरकवला.

"विद्यापीठाला सही पाहिजे, अप्पा."

"कसली?"

"परवानगीची. नेहमीचीच."

कागद इंग्रजीत. अप्पा मराठी वाचतात, कन्नड वाचतात. इंग्रजी म्हणजे कापडाच्या काठावरचा शिक्का तेवढा. मीटरपट्टी काखेत धरून त्यांनी पेन घेतलं. "तू बघितलंयस ना? मग झालं." सही करून समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "मुलगी माझी. आमच्या दुकानावर पुस्तक लिहिलंय तिनं."

त्या बाईंनी माझ्याकडे अशा कौतुकानं बघितलं की मी थानांच्या मागं गेले.

दुपारी दुकान ओस असतं. अप्पा पाय पसरून पेपर वाचत बसतात. तेव्हा गेले असते तर त्यांनी "काय लिहिलंय यात?" असं विचारलं असतं. म्हणून मी संध्याकाळी गेले. हे कुणाला कळणार नाही. मला कळलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

चौकोनात "होय" केलं. अर्ज अजून पाठवलेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संमतीपत्र मनीषा मॅडमकडे दिलं. धारवाडहून परतताना बसमध्ये नवनगरपर्यंत एकच गोष्ट डोक्यात.

दिवाळीच्या पाडव्याला वह्यांची पूजा झाली की दुकानातल्या नव्या माणसाच्या हातावर सुपारी ठेवतात आणि मग त्याला शब्द सांगतात. मुलींना सांगत नाहीत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्याच्या दुकानात जायची, शब्द घेऊन. काही वर्षांपूर्वी पाडव्याला अप्पांनी माझ्या हातावर सुपारी ठेवली. शेजारच्या दुकानाचे लक्ष्मण काका तिथंच होते. गल्लीत सगळ्यात जुने तेच. म्हणाले, "पोरीला शिकवतोस? उद्या बेळगावात दिलीस की तिथं दुकान थाटेल आपल्या शब्दांवर."

"ती दुकानात जायची नाही, काका. विद्यापीठात जायची आहे."

सगळे हसले होते. अप्पा नाही हसले.

त्यांना वाटतं, प्रबंध म्हणजे एक जाड पुस्तक. सर वाचणार, परीक्षक वाचणार, मग ते विद्यापीठाच्या कपाटात बसणार. मी कधी दुरुस्त केलं नाही. खुलेपणावर मनीषा मॅडमना भाषण दिलं, मैत्रिणींना दिलं. ज्यांच्या तोंडचे शब्द, त्यांना सोडून सगळ्यांना.

आईनं पदवीदानासाठी इरकली साडी काढून ठेवली आहे. रोज तिची घडी बदलते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रबंधाबरोबर ध्वनिमुद्रणंही द्यायची आहेत. त्यातली गिऱ्हाइकांची नावं पुसायची, म्हणून सगळं पुन्हा ऐकत बसले. दुपारी अळणावरकडच्या भागीरथीबाईंचं लागलं. मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला आल्या होत्या. एक साडी हातात घेऊन त्या भाव विचारतात. मग गप्प. बराच वेळ काही नाही, नुसता पंख्याचा आवाज. मग अप्पा, अगदी सहज, "हणमंता, ■■■■."

हणमंत लगेच: "अक्का, इदराग सण्ण कलि ऐति नोडरि. हितं, काठाला. डाग हाय बारका."

"कुठं? दिसंना की."

"तुमी शेतात दिसभर, तुमचे डोळे चांगले. आमी ट्यूबलाइटखालची माणसं, आमाला डागच दिसतात. डागाचा माल हाय, कमी भावात जातो. चालत असंल तर बघा."

"डाग असला म्हणून काय झालं. पोरगी काय काठ बघत बसत्या?" मग जरा थांबून, ठसक्यात — "पण डागाचाच हाय म्हणता, तर आणि थोडं सोडा की!"

अप्पा कुरकुरले. बसायला नको आम्ही दुकान उघडून, असं काहीतरी म्हणाले. आणि सोडलं. त्या हसत हसत, भांडण जिंकल्यासारख्या बाहेर पडल्या. हेही मुद्रणात आहे, कारण मी दारापर्यंत फोन धरून उभी होते.

मी त्यांचं नाव पुसलं. तेवढीच जागा शांत. मग यादी उघडून बघितली. ■■■■ — मालात खोटा दोष सांगणे.

अशी आणखीही मुद्रणं आहेत. मी सगळी काढली, प्रकरण रेषेत चालावं म्हणून. सरांनी पेन्सिलनं रेघ मारली होती. खोडलं मी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अप्पांना सांगायला गेले. त्यांनी आधीच एक पाटी दाखवली, रंगवून आणलेली. "मुलीच्या पदवीदानानिमित्त दुकान बंद." न सांगताच परत आले.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

दुकान बंद होतं. आई मेथी निवडत होती. मी प्रबंध काढला आणि चौथं प्रकरण मराठीत करून वाचत गेले. "फसवणूक" हा शब्द आला तेव्हा आवाज बारीक झाला. आई म्हणाली, "जोरात वाच की, लिहिताना लाजली नाहीस तर."

अप्पांनी विचारलं, "हे कोण वाचणार?"

"कुणीही."

"म्हणजे तुझे सर."

"कुणीही, अप्पा. ज्याच्या हातात फोन आहे तो. लक्ष्मण काका. गिऱ्हाईक."

अप्पांनी प्रबंध ओढून घेतला. यादीत अर्थ इंग्रजीत आहेत, शब्द देवनागरीत. बोट ठेवत खाली गेले. "पाखरू. गूळ. हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहेत. लिही, लोक हसतील." मग बोट एका ठिकाणी थांबलं. "याच्यासमोर काय लिहिलंयस?"

सांगितलं.

"एवढंच?"

"पुढचंही लिहिलं होतं. भागीरथीबाईंचं, सगळं. काढलं."

"का?"

"मुद्दा नीट दिसत नव्हता."

आईनं मेथी खाली ठेवली. "म्हणजे आम्ही लबाड दिसलो की तुझा मुद्दा नीट दिसतो होय?"

त्या संध्याकाळी गर्दीत सही का मागितली तेही सांगितलं. अप्पा आपल्या हाताकडे बघत राहिले, सही केलेल्या.

मग म्हणाले, "हा शब्द बाहेर गेला, तर पुढच्या वेळी ती बाई तो ऐकेल, ओळखेल, आणि साडी तिथंच ठेवून निघून जाईल." प्रबंध माझ्याकडे सरकवून, "बाकी तुझं तू बघ. सही केली आहे मी. पदवी तुझी आहे."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच धारवाडला गेले. सरांना म्हटलं, काढलेला भाग परत घालायचा आहे, मुद्दाही बदलावा लागेल.

"म्हणजे परीक्षकांकडे पुन्हा पाठवायचं. मार्च गेला, सायली."

"हो सर."

"घरी सांगितलंस?"

"घरूनच आले."

सर चष्मा पुसत बसले. म्हणाले, "काढ म्हणालो मी, मान्य. पण मी पाच जणांना असं काही काढायला सांगतो, त्यातले दोघं तरी भांडतात माझ्याशी. तू का नाही भांडलीस?"

खरं उत्तर हे की मलाही ते तसंच हवं होतं. दुकानापासून लांब उभं राहून दुकानाकडे बोट दाखवणारी, हुशार, स्वच्छ. हे त्यांना म्हणता आलं नाही. इथं लिहून ठेवते.

ग्रंथालयात जाऊन न पाठवलेला अर्ज रद्द केला. मनीषा मॅडमनी कारण विचारलं नाही. संमतीपत्र परत दिलं. ते मी बसस्टॉपवर फाडलं.

आईनं इरकली कपाटात ठेवली. कपाटाचं दार नेहमीपेक्षा जोरात लागलं.

१२ मार्च, बुधवार

आज पदवीदान होतं. मी दुकानात होते, थानं लावायला. अप्पांनी ये म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नाही. त्या रविवारपासून आम्ही कामापुरतंच बोलतो.

लक्ष्मण काका दारात येऊन थबकले. "अरे, आज दुकान बंद ना तुझं? पाटी केली होतीस की. आणि ही इथं कशी? टोपी-झगा घालायचा सोडून थानं उचलते?"

गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी वळून बघितलं. माझ्या हातातलं थान सुटलं आणि उलगडत पायापर्यंत गेलं. अप्पांनी मान वर केली नाही. कात्रीनं कापड कापता कापता म्हणाले, "हणमंता, ■■■■."

हणमंत गडबडला. माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कापडाशिवाय डाग शोधायचा होता. मग म्हणाला, "काका, ते पुस्तक हाय न्हवं अक्कांचं, त्याच्या बांधणीत... डाग निघाला. बारकाच. पण विद्यापीठवाले लई बारकाईनं बघतात. परत बांधायला दिलंय. म्हणून यंदा नाही."

काकांना तो शब्द माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. वाकून थानाचं खालचं टोक उचलून माझ्या हातात दिलं.

"असू दे," म्हणाले. "डाग बांधणीला आहे. कापड चांगलं आहे."

आणि गेले. अप्पा कापत राहिले. मला रडायला मागं जाता आलं नाही, कारण एक बाई निळ्या रंगात काही आहे का विचारत होत्या.

२९ एप्रिल, मंगळवार

परीक्षकांनी मान्य केलं. प्रबंध आज संग्रहात गेला, सर्वांसाठी खुला. भागीरथीबाईंचा भाग जागेवर आहे. फक्त त्यांचं नाव आणि तो शब्द कुठंच नाही, मुद्रणातही. यादीत त्याच्या जागी एक ओळ: "एक शब्द विश्वासानं सांगितला गेला. तो इथं दिलेला नाही."

चौथं प्रकरण आणि संमतीपत्र मी मराठीत लिहून काढलं आणि दुपारी नेऊन दिलं. अप्पांनी पेपर बाजूला ठेवून दोन्ही सावकाश वाचलं, एका ठिकाणी हसले, आणि सही केली. मग मी चौकोनात "होय" केलं.

घरी येऊन ही वही काढली. फेब्रुवारीपासूनची पानं उलटत, तो शब्द जिथं जिथं लिहिला होता, तिथं काळ्या शाईनं बुजवला.